अ‍ॅक्सेप्ट या जर्मन हेवी मेटल बँडची वाटचाल कशी झाली? मूळ गायक गेल्यावरही तो टिकला कसा?

तुम्ही विचारलंय की उडो डर्कश्नायडरसारखा गायक गेल्यावर अ‍ॅक्सेप्ट संपायला हवा होता, मग तो आजही नवे अल्बम कसा काढतो, आणि ऐकायला सुरुवात कुठून करावी. खरं तर गायक गेल्यावर हा बँड एकदा संपलाच होता, १९८९ मध्ये. मग २०१० मध्ये तो आणखी एका नव्या गायकासह उभा राहिला आणि आजवर उभा आहे. दोन्ही वेळा गायक नवा, दोन्ही वेळा अमेरिकन. एकदा सगळं बुडालं आणि एकदा तरलं, ते का, यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

बँडचं गाव झोलिंगेन. हे जर्मनीतलं कोलोनजवळचं शहर, चाकू-कात्र्या आणि वस्तऱ्यांसाठी जगभर नावाजलेलं. उडो साठच्या दशकाच्या अखेरीपासूनच तिथे बँड चालवत होता, पण अ‍ॅक्सेप्टची सुरुवात साधारण १९७६ पासून धरतात, कारण तोवर गिटारवर वोल्फ हॉफमन आणि बास गिटारवर पीटर बाल्टेस आले होते. १९७९ आणि १९८० चे पहिले दोन अल्बम चाचपडतच गेले. बँडला स्वतःचा आवाज सापडला तो १९८१ च्या 'ब्रेकर'मध्ये, आणि त्याच वर्षी जुडास प्रीस्ट या नावाजलेल्या ब्रिटिश मेटल बँडबरोबर दौरा मिळाल्यावर जर्मनीबाहेरच्या लोकांनीही त्यांना ऐकलं.

१९८२ च्या 'रेस्टलेस अँड वाइल्ड'चं पहिलं गाणं 'फास्ट अ‍ॅज अ शार्क' हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला जुन्या ग्रामोफोन तबकडीवरचं जर्मन लोकगीत लागतं, 'हायडी हायडो हायडा' असं काहीतरी अगदी गोडगोड. काही सेकंदांत सुई तबकडीवरून खर्रकन ओढली जाते, उडोची किंकाळी येते आणि श्टेफान काउफमानचा ड्रम दोन्ही पायांनी असा सुटतो की गाणं संपेपर्यंत थांबतच नाही. १९८२ मध्ये हा वेग फार थोड्यांनी ऐकला होता. स्पीड मेटल आणि थ्रॅश या हेवी मेटलच्या अतिवेगवान प्रकारांचा उगम शोधणारे हटकून या गाण्यापाशी येतात, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. या अल्बमच्या वेष्टनावर दुसरा गिटारवादक म्हणून हेरमान फ्रांकचं नाव आहे, पण गिटार सगळी हॉफमनने वाजवली आहे. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

१९८३ च्या अखेरीस 'बॉल्स टू द वॉल' आला आणि अमेरिकेत त्यांचं नाव झालं. नावावरून लोकांना त्याचं शीर्षकगीत धांगडधिंग्याचं वाटतं. प्रत्यक्षात ते दडपलेल्या माणसांबद्दल आहे, एक दिवस हे उठतील असं सांगणारं. अ‍ॅक्सेप्टच्या गाण्यांचे शब्द बरेचदा त्यांची व्यवस्थापक गाबी हाउके लिहायची, 'डेफी' या नावाने. तिचं श्रेय फार कमी लोक देतात, याचं मला वाईट वाटतं.

मग १९८५ चा 'मेटल हार्ट'. निर्माता डीटर डीर्क्स, म्हणजे स्कॉर्पियन्स या प्रसिद्ध जर्मन रॉक बँडचा निर्माता. शीर्षकगीत चायकोव्हस्कीच्या 'स्लाव्होनिक मार्च'ने उघडतं आणि सोलोमध्ये, म्हणजे एकट्या गिटारच्या तुकड्यात, हॉफमन थेट बेथोव्हनची 'फ्युर एलिझे' वाजवतो. फोनवर ताटकळत ठेवताना वाजायची ना, तीच धून. मैफलीत हजारो लोक हा गिटारचा तुकडा तोंडाने गातात. गाण्याचे बोल बाजूला राहतात आणि गिटारची धून गायली जाते, यावरून या बँडचा कणा हॉफमनची गिटार आहे हे समजतं.

१९८६ च्या 'रशियन रूले'नंतर मात्र बाकीच्यांना अमेरिकन रेडिओवर वाजेल असं संगीत हवं होतं, आणि उडोचा खरवडणारा आवाज त्यात बसत नव्हता. १९८७ मध्ये तो वेगळा झाला. त्याच्या 'यू.डी.ओ.' या नव्या बँडच्या पहिल्या अल्बमची गाणी अ‍ॅक्सेप्टनेच लिहून दिली होती. इकडे अ‍ॅक्सेप्टने डेव्हिड रीस या अमेरिकन गायकाला घेऊन १९८९ मध्ये 'ईट द हीट' काढला. रीस वाईट गात नाही. पण गिटारची धार गेली, सगळ्यांनी मिळून ओरडून गायचं ते धिप्पाड समूहगान गुळगुळीत झालं, आणि जुना श्रोता तुटला. त्यात काउफमानच्या पाठीने दगा दिला. बँड बंद पडला.

पुढे उडो परत आला आणि त्याच्यासह १९९३ ते १९९६ मध्ये आणखी तीन अल्बम झाले, त्यातला 'ऑब्जेक्शन ओव्हररूल्ड' चांगला आहे. मग पुन्हा शांतता. हॉफमन अमेरिकेत छायाचित्रकार म्हणून स्थिरावला होता. २००५ मध्ये काही महोत्सवांपुरते सगळे एकत्र आले, तेवढंच.

२००९ मध्ये हॉफमन आणि बाल्टेस पुन्हा एकत्र वाजवू लागले आणि न्यू जर्सीच्या टी.टी. क्विक बँडचा मार्क टॉर्निलो गायला आला. पुढच्या वर्षी 'ब्लड ऑफ द नेशन्स' आला. निर्माता अँडी स्नीप हा स्वतः जुन्या अ‍ॅक्सेप्टचा चाहता, आणि अल्बममध्ये ते ऐकू येतं: तीच धारदार रिफ (गिटारची पुन्हापुन्हा येणारी छोटी धून), तेच समूहगान, तीच पाश्चात्त्य शास्त्रीय वळणाची सोलो. त्यातलं 'ट्युटॉनिक टेरर' हे गाणं ऐकलंत की पटेल. १९८९ मध्ये गायकाबरोबर संगीतही बदललं होतं. २०१० मध्ये फक्त गळा बदलला. नाटकात नट बदलला तरी संहिता आणि दिग्दर्शक तेच असले की प्रेक्षक थोडा वेळ थांबून पाहतो, तसं झालं. २०१४ चा 'ब्लाइंड रेज' जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेला. उडोच्या ऐन भराच्या काळातही हे झालं नव्हतं.

एक गोष्ट मात्र जुन्या चाहत्यांना बोचते आणि मलाही बोचते. २०१८ मध्ये बाल्टेसही बाहेर पडला आणि पुढे यू.डी.ओ.मध्ये गेला. आता अ‍ॅक्सेप्टमध्ये जुन्यांपैकी एकटा हॉफमन आहे. २०२१ चा 'टू मीन टू डाय' आणि २०२४ चा 'ह्युमनॉइड' ऐकताना बाल्टेसच्या बासची उणीव मला जाणवते, पण गाणी अजून कसदार आहेत.

सुरुवात 'रेस्टलेस अँड वाइल्ड'पासून करा, मग 'मेटल हार्ट', मग थेट 'ब्लड ऑफ द नेशन्स'. त्यानंतर 'बॉल्स टू द वॉल' आणि 'ब्रेकर' घ्या, 'ईट द हीट' सगळ्यांत शेवटी. आणि 'रेस्टलेस अँड वाइल्ड'चं शेवटचं गाणं, 'प्रिन्सेस ऑफ द डॉन', गाता गाता मध्येच कापल्यासारखं थांबतं. फाइल खराब नाही, अल्बमवर ते तसंच आहे.