दिवाळी अंकात छापून आलेल्या कथेचा कॉपीराइट कोणाचा? नोंदणी करावी लागते का?

तुमचाच, लेखी करार करून हक्क विकले नसतील तर. नोंदणी सक्तीची नाही. १९५७च्या कायद्यानुसार कथा लिहून झाली की हक्क आपोआप मिळतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. नोंदणीचा उपयोग कोर्टात पुरावा म्हणून होतो, एवढंच.

खरी मेख करारात असते. हक्क दिले पण मुदत लिहिली नाही, तर कायदा ती ५ वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. त्यामुळे मानधनाच्या पावतीवर ‘सर्व हक्क कायमचे’ असं बारीक अक्षरात काही आहे का, ते सही करण्याआधी वाचा. (मानधन मिळालंच तर!) हक्क विकले तरी लेखक म्हणून नाव मागता येतं. नुसत्या कल्पनेला मात्र संरक्षण नाही.