लॅक्टोमीटरवर भरवसा किती?

प्रश्न : विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये भेसळ-निरीक्षकाकडे लॅक्टोमीटर असे. मग दूध पातळ निघालं की तेवढ्यावर दंड का होत नसे?

उत्तर : कारण लॅक्टोमीटरला फसवणं फार सोपं. तो फक्त विशिष्ट गुरुत्व, म्हणजे दूध पाण्याच्या किती पट जड आहे, ते दाखवतो. चांगल्या दुधाचं ते साधारण १.०३२. साय काढली की दूध जड होतं, १.०३६ च्या आसपास जातं. अशा ८ भाग दुधात १ भाग पाणी ओतलं की आकडा पुन्हा १.०३२! साय गेली, पाणी आलं, लॅक्टोमीटर मात्र गप्प. उलट दूध कोमट असलं, तर निर्भेळ दूधही पातळ ठरायचं.

म्हणून खरी भिस्त रासायनिक तपासणीवर. १८७५ च्या कायद्याखाली निरीक्षक रोख पैसे देऊन दूध विकत घेई, ते तपासणीसाठी आहे असं विक्रेत्याला सांगे आणि नमुन्याचे तीन भाग करून सील लावी. एक विक्रेत्याला, एक सरकारमान्य विश्लेषकाला, तिसरा कोर्टासाठी राखीव. इथे हमखास होणारी चूक म्हणजे कॅन न ढवळता नमुना घेणं. साय वर तरंगते, तळाच्या तोटीतून निघतं ते पातळ दूध, आणि खटला तिथेच लंगडा पडतो.

१९०१ च्या नियमांनी मोजमाप दिलं: स्निग्धांश ३ टक्के, इतर घनपदार्थ ८.५ टक्के. त्याखाली गेलं की भेसळ गृहीत, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. समजा इतर घनपदार्थ ७.६५ निघाले, तर तूट ०.८५, म्हणजे ८.५ च्या १० टक्के. तेवढं पाणी धरायचं. ‘गाईनंच असं दूध दिलं’ हा बचाव मात्र उरायचाच, आणि तो दर वेळी खोटाही नसे. गाय, चारा, धारेची वेळ यांवर स्निग्धांश खरोखर हलतो.

प्रश्न : दूध टिकवायला घातलेलं बोरिक ॲसिड कसं पकडत?

उत्तर : हळदीनं! दुधात थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून त्यात हळदीचा कागद बुडवायचा आणि वाळवायचा. कागद लालसर झाला, आणि अमोनियाचा थेंब पडताच हिरवट-काळा पडला, की बोरिक ॲसिड आहेच. नुसत्या लाल रंगावर निकाल देऊ नये, अमोनियाचा थेंब हवाच. १९१२ च्या नियमांनी दुधात असली द्रव्यं घालायला बंदी केली.