शाफ्ट कुठे तुटला ते आधी बघा

प्रश्न : ताई, माझ्याकडे 1:10 मापाची रिमोटवर चालणारी क्रॉलर गाडी आहे. बॅटरी धरून वजन 3 किलो. गंगापूर धरणाचं पाणी उतरलं की मागच्या बाजूला खडक उघडे पडतात, तिथे दर रविवारी आम्ही चौघं जातो. गेल्या दोन महिन्यांत माझा मागचा ड्राइव्हशाफ्ट तीनदा तुटला. मूळचे शाफ्ट प्लास्टिकचे आहेत. एक मित्र म्हणतो पोलादी घे, दुसरा म्हणतो ॲल्युमिनियमचे घे, रंगीत मिळतात, तिसरा म्हणतो अंबडला जाऊन लेथवर करून घे. मी बँकेत नोकरी करतो, यातलं मला कळत नाही. सगळ्यात टिकाऊ कोणता तेवढं सांगा, एकदाच काय ते पैसे घालतो. तुटलेले तिन्ही शाफ्ट आणि गाडीचे फोटो सोबत पाठवले आहेत. – एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : तुकडे पाठवलेत ते फार बरं केलंत. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये कुणी तुटलेला भाग घेऊन आला की वडील त्याला आधी चहा द्यायचे आणि भाग उजेडात धरून दहा मिनिटं नुसते बघत बसायचे. मला तेव्हा वाटायचं, वेळ घालवतात. आता मीही तेच करते. तुमचे तुकडे दोन दिवस माझ्या टेबलावर होते.

ड्राइव्हशाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सची फिरकी ॲक्सलपर्यंत, म्हणजे चाकांच्या आसापर्यंत, नेणारा दांडा. त्याच्या दोन्ही टोकांना वाकणारे जोड असतात. तिन्हींपैकी दोन एकाच जागी गेलेत. गिअरबॉक्सकडच्या जोडाचा एक कान तुटलाय. (ज्या दोन पाकळ्यांमध्ये पिन बसते त्यांना आम्ही कान म्हणतो.) तुटलेल्या कानाच्या आतल्या कडेला बारीकसा चकचकीत डाग आहे, भिंग लावून बघा. तिथे समोरचा कान येऊन घासत होता. म्हणजे जोड जेवढा वाकू शकतो त्याहून जास्त वाकवला गेला, दोन कान एकमेकांना भिडले आणि पहारीने दार उचकटावं तसा एक कान उचकटला गेला. यात मोटरच्या ताकदीचा दोष फार थोडा.

आणि कोन का वाढला, हे पत्रात लिहायचं तुम्ही टाळलंत, पण फोटोत दिसतंय. मूळच्या 90 मिलिमीटरच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या जागी तुम्ही 100 चे घातलेत. गाडी ऐटीत उंच झाली खरी, पण गिअरबॉक्स वर गेला, ॲक्सल होता तिथेच राहिला, आणि मधला शाफ्ट उभा व्हायला लागला. मागचा शाफ्ट तुमच्या गाडीत आखूड आहे, त्यामुळे तेवढीच उंची वाढून त्याचा कोन पुढच्यापेक्षा जास्त वाढला. इथे पोलादी शाफ्ट घातलात तर कान तुटणार नाहीत, पण कान भिडायचे थांबणारही नाहीत. मग गिअरबॉक्समधून बाहेर येणारा 5 मिलिमीटरचा दांडा वाकेल, किंवा त्याचं बेअरिंग घर सोडेल. शॉक तरी जुने घाला, नाहीतर शॉकचं वरचं टोक चौकटीत आतल्या भोकात बसवून उंची उतरवा. खर्च शून्य, आणि गाडी उलटणंही कमी होईल.

तिसरा तुकडा वेगळा आहे. त्याचे कान शाबूत आहेत, मधली नळी धुणं पिळावं तशी पिळली गेलीय. हा खरा ताकदीचा बळी. इथे थोडा हिशेब करू, बँकेतल्या माणसाला जड जाऊ नये.

समजा गाडी खडकावर इतकी उभी चढतेय की सगळं 3 किलो वजन मागच्या चाकांवर आलंय. चाकाचा व्यास 12 सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या 6. रबराची पकड वजनाएवढीच धरली, तर चाक सरकायच्या आधी जास्तीत जास्त 3 गुणिले 6, म्हणजे 18 किलो-सेंटिमीटर पीळ सोसणार. ॲक्सलच्या आत 8 दात्यांचं पिनियन (छोटं दातेरी चाक) 30 दात्यांच्या क्राउनला (मोठ्या दातेरी चाकाला) फिरवतं, म्हणजे पावणेचार पट. 18 ला 3.75 ने भागा, शाफ्टच्या वाट्याला आले 4.8. तुमच्या स्टिअरिंगच्या सर्व्होच्या (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरच्या) खोक्यावर आकडा बघा, बहुधा 20 च्या आसपास असेल. म्हणजे सरळ चढावर शाफ्टवर फार काही येत नाही, आणि चांगलं प्लास्टिक तेवढं निमूट सोसतं.

पण चाक दोन दगडांच्या फटीत अडकलं की हा हिशेब संपला. चाक सरकूच शकत नाही, आणि मोटरमध्ये असेल-नसेल ती सगळी ताकद गिअरबॉक्समधून कितीतरी पट होऊन शाफ्टवर येते. त्यात आपण काय करतो? रिमोटवरची काठी आणखी पुढे ढकलतो! तुमचा तिसरा शाफ्ट असा गेला असणार. अडकली की बोट सोडा, वाकून गाडी उचला. वाकायचा कंटाळा म्हणून मीही भाग तोडलेत, त्यामुळे उपदेशाचा फार अधिकार नाही.

आता टिकाऊपणाचं. सगळ्यात टिकाऊ शाफ्ट मी स्वतःच एकदा केला होता. घरचं लेथ, ईएन 24 पोलादाचा तुकडा पडलेला, तो तासला, मिलिंगवर कान काढले, उष्णता-प्रक्रियेला दिला. दिसायला असा की बहिणीने विचारलं, कुठला दागिना? पहिल्याच रविवारी पुढचं चाक फटीत अडकलं, कर्र आवाज झाला आणि गाडी थांबली. उघडून बघितलं तर शाफ्टवर ओरखडा नाही, ॲक्सलमधल्या पिनियनचे तीन दाते गायब आणि त्यांचा चुरा ग्रीसमध्ये कालवलेला. प्लास्टिकचा शाफ्ट बदलायला दोन स्क्रू काढावे लागतात. पिनियन बदलायला अख्खा ॲक्सल सोडवावा लागला, आणि भाग परदेशातून येईपर्यंत गाडी सव्वा महिना कपाटावर बसून होती.

तेव्हापासून माझा नेम ठरलाय. मागे पोलादी, पुढे प्लास्टिक. चढावर वजन मागे येतं, रोजचं काम मागचा शाफ्ट करतो. फटीत आधी शिरतं ते पुढचं चाक, त्यातही वळवलेलं, म्हणजे ॲक्सलच्या टोकाचे जोड आधीच वाकलेले. तिथे काहीतरी तुटणारच असेल तर ते स्वस्तातलं आणि बाहेरचं तुटावं. घरातला फ्यूज कुणी जाड तारेने बांधतं का? (बांधतात, मला माहीत आहे. आमच्या शेडमध्येही बांधलेला होता.) पुढचा एक जादा शाफ्ट डब्यात ठेवा. नायलॉनचा असेल तर घालण्याआधी पाण्यात उकळून घ्या. नायलॉन पाणी शोषतं, त्याने ठिसूळपणा जाऊन थोडा चिवटपणा येतो. जुने खेळणारे हे सर्रास करतात.

ॲल्युमिनियम नको. रंगीत असलं तरी नको. कानाची भोकं दर झटक्याला थोडी थोडी लांबट होत जातात, आणि एकदा भोक लंबगोल झालं की पिन आत ठोके द्यायला लागते. अंबडहून करून घ्यायचा असेल तर करून घ्या, आमची शेडं त्यासाठीच आहेत, पण एका नगाचं काम कुणी आनंदाने घेत नाही. चौघांचे मिळून करा. मात्र ‘खूप कडक करून द्या’ असं सांगू नका. पूर्ण कडक केलेला दांडा झटक्याला काचेसारखा जातो. दांडा आणि कान चिवट हवेत, फक्त पिन कडक हवी. पिनेसाठी 2 मिलिमीटरचे नीडल रोलर बेअरिंगच्या दुकानात मिळतात, ते बेअरिंगच्या पोलादाचेच असतात. मी तेच वापरते. खिळा कापून पिन करू नका, तो शेवयांसारखा मऊ असतो.

तयार शाफ्ट मागवलात तर मागवण्याआधी व्हर्निअर (बारीक मापं घ्यायची पट्टी) घेऊन बसा. इथेच बहुतेकांचे पैसे बुडतात. गाडी वरून पूर्ण दाबून गिअरबॉक्सच्या पिनेपासून ॲक्सलच्या पिनेपर्यंत अंतर घ्या. मग गाडी चौकटीला धरून उचला, चाकं लोंबकळू द्या, पुन्हा घ्या. मग एकच चाक वर रेटून तिसऱ्यांदा घ्या, कारण ॲक्सल तिरका झाला की आकडा बदलतो. समजा सगळ्यात कमी 84 आलं आणि सगळ्यात जास्त 103. शाफ्टचे दोन तुकडे खाचांवर एकमेकांत सरकतात, तर तो मिटल्यावर 82 च्या आत यायला हवा, नाहीतर उडी मारल्यावर तो आत टेकतो आणि गिअरबॉक्सला ठोसा बसतो. आणि 103 ला ताणल्यावरही निदान 10 मिलिमीटर खाच आत अडकलेली राहायला हवी. दुकानाच्या पानावर फक्त ‘लांबी’ लिहिलेली असेल तर ती मिटलेली की ताणलेली ते विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

राहिला ग्रब स्क्रू, म्हणजे शाफ्टला दांड्यावर धरून ठेवणारा डोकं नसलेला स्क्रू. अर्ध्या लोकांचा शाफ्ट तुटत नाही, सुटतो. पोलादी शाफ्टला बहुधा एम4 चा ग्रब स्क्रू असतो, त्याला 2 मिलिमीटरची ॲलन की लागते. एम3 असेल तर दीडची. स्वस्त चावीने स्क्रूची षटकोनी गोल होते आणि मग तो ड्रिल करून काढायला लोक माझ्याकडे येतात. चांगली चावी घ्या. दांड्यावरचं आणि स्क्रूवरचं तेल पेट्रोलने पुसा, निळं लॉकटाइट (स्क्रू सुटू नये म्हणून लावायचा डिंक) एक थेंब, रात्रभर राहू द्या. लाल लावू नका, ते तापवल्याशिवाय निघत नाही आणि शेजारी प्लास्टिक असतं.

पुढेमागे गाडी बदलणार असाल तर पोर्टल ॲक्सलची बघा, ट्रॅक्सस कंपनीची टीआरएक्स-4 2017 पासून तशीच येते. त्यात शेवटची गती चाकाजवळ कमी होते, त्यामुळे शाफ्ट जोरात फिरतो पण त्याच्यावरचा पीळ कमी होतो. शिवाय ॲक्सल चाकाच्या मध्यापेक्षा वर बसतो, म्हणून शाफ्टचा कोनही उतरतो. पण आधी ते शॉक उतरवा.

प्रश्न : मी नववीत आहे. मागे पोलादी शाफ्ट घातल्यापासून माझी गाडी सपाट रस्त्यावरही थरथरते. शाफ्ट वाकडा आलाय का? – आडगाव

उत्तर : वाकडा नसेल, उलटा जोडला असशील. शाफ्टचे दोन तुकडे एकमेकांत सरकतात ना, ते वेगळे करून परत घालताना एक-दोन खाचा इकडेतिकडे झाल्या असतील. दोन्ही टोकांचे कान एका रेषेत आहेत का ते टेबलावर ठेवून बघ.

कारण असं की असा जोड वाकून फिरताना एकसारखा फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे रेंगाळतो. 15 अंशाला हा फरक साडेतीन टक्के असतो, 30 अंशाला पंधरा टक्क्यांवर जातो. कान एका रेषेत असले आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तर पहिल्या जोडाची चूक दुसरा जोड निस्तरतो. नसले तर दोन चुकांची बेरीज होते. ‘सीव्हीडी’ (म्हणजे एकसारख्या गतीचा) नावाने मिळणाऱ्या शाफ्टच्या जोडातही एक आडवी पिनच असते, त्यामुळे नावावर जाऊ नकोस, त्यांचीही टोकं जुळवावी लागतात.

तू आडगावचा आहेस म्हणजे सोपं आहे. नाक्याकडच्या एखाद्या ट्रकच्या गॅरेजात जा आणि प्रोपेलर शाफ्टवरच्या बाणाच्या खुणा दाखवायला सांग. तिथले काका ज्याला क्रॉस म्हणतात तो तुझाच जोड, फक्त मोठा. शाफ्ट उघडण्याआधी ते दोन्ही भागांवर खडूने खूण करतात. तू पांढऱ्या मार्करने कर.

प्रश्न : शाफ्टच्या जोडांना कुठलं ग्रीस लावावं? पावसात चालवलं तर गंज येतो. – सिन्नर

उत्तर : कुठलंच नको. आपल्याकडच्या काळ्या खडकाची पूड ग्रीसमध्ये बसली की पॉलिश पेपर तयार होतो, आणि पिन महिन्याभरात खाल्ली जाते. कोरडं ठेवा. पावसातून आल्यावर ब्रशने चिखल काढा, फुंकणीने पाणी उडवा, पातळ तेलाचा एक थेंब देऊन लगेच फडक्याने पुसून टाका. आणि दिवाळीच्या सुमारास गवत वाळलं की दर अर्ध्या तासाने गाडी उलटी करून बघा. कुसळं जोडात गुंडाळली जाऊन बेअरिंगच्या सीलमध्ये शिरतात. ती चिमट्याने काढावी लागतात, ओढून निघत नाहीत.