कृषी सल्ला : पाणी 'शेतीयोग्य' ठरलं, पण तुमच्या रानाला सोसेल का?

या खेपेला दोन प्रश्न एकत्र घेतोय, कारण दोन्हींचं मूळ एकच आहे. पलूस भागातले एक ऊस उत्पादक विचारतात, "नद्या-तलावांच्या पाण्याचे निकष बदलणार अशी चर्चा आहे. कृष्णा खालच्या वर्गात गेली तर आमचा उपसा बंद होईल का?" मिरजेजवळ नदीकाठी मेथी-कोथिंबीर करणाऱ्या ताईंचा प्रश्न असा, "उन्हाळ्यात मासे मरून वर येतात. तेच पाणी भाजीला द्यावं का?"

दादा, उपसा बंद होत नाही. त्याची परवानगी जलसंपदा विभागाकडची असते. निकषांचा बोजा असतो तो नदीत सांडपाणी सोडणाऱ्यावर. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यानं राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला हे निकष ठरवण्याचा आणि बदलण्याचा अधिकार दिला आहे. कृष्णा पुढं कर्नाटकात जाते, त्यामुळं तिच्या बाबतीत केंद्रीय मंडळाचाही संबंध येतो.

मला काळजी वाटते ती वेगळीच. केंद्रीय मंडळानं पाण्याचे ए ते ई असे पाच वर्ग केलेत. शेवटचा 'ई' शेतीचा. त्यात चारच गोष्टी बघतात: सामू (पीएच) ६ ते ८.५, विद्युत वाहकता (पाण्यातल्या क्षारांचं माप) २२५० मायक्रोम्होजपर्यंत, सोडियमचं गुणोत्तर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती) २६ पर्यंत आणि बोरॉन लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत. विरघळलेला प्राणवायू नाही, जीवाणूंची मोजणी नाही. माशांसाठीच्या 'डी' वर्गात प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम लागतो. म्हणजे मासे तडफडून मेले तरी तेच पाणी कागदावर शेतीला पास होऊ शकतं. 'शेतीला काय, कसलंही चालतं' हा समज यातूनच बळावतो, आणि तो मला अजिबात मान्य नाही.

आता २२५० चा हिशेब करू. एवढ्या वाहकतेच्या पाण्यात लिटरला जवळपास दीड ग्रॅम क्षार असतात. पाटपाण्यावर उसाला वर्षात एकूण दोन मीटर उंचीचं पाणी दिलं तर एकरी साधारण ८० लाख लिटर होतं. त्याबरोबर रानात ११ टनांहून जास्त क्षार येतात! ऊस त्यातला थोडाच उचलतो. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत पावसानं बरंचसं धुऊन जाईल. आपल्या वाळवा, पलूस, मिरजेच्या काळ्या भारी रानात मात्र ते तिथंच साठतं. पांढरी झालेली रानं तुम्ही रोज बघता. उसाच्या मुळाशी मातीच्या अर्काची (ओल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) वाहकता १.७ डेसिसायमनच्या, म्हणजे १७०० मायक्रोम्होजच्या, वर गेली की उत्पादन घटायला लागतं, द्राक्षाला तर १.५ पासूनच फटका बसतो. म्हणून भारी जमिनीसाठी माझा आकडा २२५० नाही, ७५० आहे. त्याच्या वर पाणी गेलं की निचऱ्याची सोय आधी करा, पाट सोडून ठिबकवर या, लागणीआधी धैंचा किंवा ताग गाडा. जिप्सम मात्र शेजाऱ्यानं टाकलं म्हणून टाकू नका. ते चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेल्या, जमिनीचं औषध आहे, नुसत्या क्षारपड रानात पैसे वाया जातात. सच्छिद्र पाइपच्या निचऱ्याबद्दल कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात जाऊन विचारा.

ताई, पाण्यात प्राणवायू कमी झाला एवढ्यानं मेथी मरत नाही. पण तो कमी का झाला, ते महत्त्वाचं. मळीमिश्रित पाणी आलं असेल तर क्षार वाढलेले असतात, गावाचं सांडपाणी आलं असेल तर जंतू. पाणी काळं दिसतंय, वास येतोय, तेवढे दिवस मोटर चालू करू नका. कच्ची खाल्ली जाणारी भाजी असेल तर जागतिक आरोग्य संघटनेनं १९८९ मध्ये १०० मिलिलिटरला विष्ठेतले १००० जीवाणू ही कमाल मर्यादा सुचवली होती. आपल्या 'ई' वर्गात असा आकडाच नाही. निकष सुधारताना तो यायलाच हवा. गावात सुनावणी झाली किंवा हरकती मागवल्या तर हे लेखी मांडा, ग्रामसभेचा ठराव जोडा. तोवर पानावर पाणी पडेल असे तुषार लावू नका, काढणीआधीची शेवटची पाणी विहिरीची द्या आणि जुड्या नदीत धुऊ नका.

दोघांनीही पाणी तपासून घ्या. एप्रिल-मे महिन्यात, नदीची धार बारीक असताना एक नमुना आणि पावसाळ्यानंतर दुसरा. काठाचं साचलेलं पाणी नको, वाहत्या धारेतलं घ्या. बोअरचं असेल तर मोटर अर्धा तास चालवून मग भरा. लिटरभराची स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरून बूच घट्ट लावा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. औषधाची किंवा खताची जुनी बाटली चालत नाही. जीवाणूंच्या तपासणीला निर्जंतुक बाटली लागते, ती प्रयोगशाळेतूनच आणा आणि बर्फात ठेवून परत न्या. बाटलीवर गाव, गट नंबर, तारीख आणि पाणी कुठून घेतलं ते लिहा. सोबत त्याच रानातला मातीचा नमुनाही आणा, दोन्ही अहवाल शेजारी ठेवल्याशिवाय मला नेमकं काही सांगता येणार नाही.