तुमचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं : गोवरचा दुसरा डोस राहून गेला, आता काय?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माझा नातू सव्वादोन वर्षांचा आहे. गोवरची पहिली लस नवव्या महिन्यात टोचली, दुसरीच्या वेळी त्याला सर्दी होती, मग आम्ही लग्नाला गावी गेलो आणि ते राहूनच गेलं. सून म्हणते आता देऊन आणू, मी म्हणते एक झाली न! आमच्या वेळी तर गोवर सगळ्यांनाच निघायचा, दाराला कडुलिंबाचा पाला लावायचो, आठ-दहा दिवसांत पोरं खेळायला मोकळी. आणि श्रीलंकेतून म्हणे गोवर गेला, मग आपल्याकडून काहून नाही जाऊन राहिला?
– एक आजी, मानेवाडा, नागपूर

उत्तर : काकू, यावेळी सुनेचं ऐका. सरकारी दवाखान्यात पाच वर्षांपर्यंत राहिलेला डोस देतात, फुकट देतात, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, फक्त कार्ड घेऊन जा. आणि साध्या सर्दीसाठी लस पुढे ढकलायची गरजच नव्हती, पण हे तुम्हालाच नाही, अर्ध्या नागपूरला वाटतं, त्यामुळे रागावत नाही.

आता ‘एक झाली न’ याबद्दल. नवव्या महिन्यात दिलेली लस शंभरातल्या साधारण ८५ पोरांनाच लागू पडते, कारण आईकडून आलेली थोडी प्रतिकारशक्ती बाळाच्या अंगात अजून शिल्लक असते आणि ती लसीलाच आडवी येते. मग उशिरा का देत नाही, तर तोपर्यंत गोवर गाठू शकतो म्हणून. बरं, आता हिशोब करा. एखाद्या वस्तीत शंभर पोरं आहेत, ९५ जणांनी पहिला डोस घेतला, म्हणजे ऐकायला एकदम झकास, पण लागू पडला तो ८१ जणांना, १९ अजून उघडेच, आणि गोवरचा एक पेशंट लस नसलेल्या गर्दीत १२ ते १८ जणांना आजार देतो, तो खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. दुसरा डोस म्हणजे पहिल्याची ताकद वाढवायचं टॉनिक नाही हो, ज्या पोरांना पहिला लागलाच नाही त्यांना पकडायला तो असतो. तुमचा नातू ८५ मधला की १५ मधला, हे त्याच्या तोंडाकडे पाहून मलाही सांगता यायचं नाही.

पाला लावा, माझी काही हरकत नाही, तेवढ्यानं पोरगं वेगळ्या खोलीत राहतं हा फायदाच म्हणा. पण खेळायला मोकळी झालेली पोरंच आपल्या लक्षात राहतात. १९६३ मध्ये लस आली, त्याआधी जगात दरवर्षी अंदाजे २६ लाख माणसं गोवरानं जायची, त्यात बहुतेक लहान मुलं. पुरळ जातं हो, मागून न्यूमोनिया येतो, जुलाब लागतात, आणि आधीच्या आजारांशी लढायला शरीर जे शिकलेलं असतं तेही गोवर बरंच पुसून टाकतो, म्हणून नंतर कितीतरी महिने पोरगं सारखं आजारी पडतं.

श्रीलंकेचं तुम्ही बरोबर ऐकलं, २०१९ मध्ये तो देश गोवरमुक्त ठरला. त्याआधी भूतान आणि मालदीव २०१७ ला, उत्तर कोरिया आणि तिमोर-लेस्ते २०१८ ला. लोक म्हणतात छोटे देश आहेत, त्यांना काय जातं, पण श्रीलंकेची लोकसंख्या जवळपास आपल्या विदर्भाएवढी आहे बरं का! गोवरमुक्त म्हणजे एकही केस नाही असं नसतं, बाहेरून आलेला गोवर आत पसरत राहिला नाही पाहिजे, आणि हे सलग तीन वर्षं दाखवावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या दक्षिण-पूर्व आशिया भागात आपण येतो, त्यानं गोवरमुक्त व्हायला आधी २०२० म्हटलं, मग २०२३, आता २०२६. भारतात दुसरा डोस सुरू झाला तोच २०१० मध्ये, पहिला १९८५ पासून आहे. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ ला नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांना शाळाशाळांत गोवर-रुबेला टोचलं, आठवत असेल, तेव्हा व्हॉट्सअॅपवर काय काय फिरत होतं बापा! तरी २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडे गोवर उठलाच आणि लहान मुलं गेली. ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळाले पाहिजेत, आणि ते पूर्ण राज्याच्या सरासरीत असून भागत नाही, प्रत्येक वस्तीत पाहिजेत. आपलं नागपूर तर रेल्वेचं जंक्शन, मुंबईत बसलेला माणूस रात्रभर प्रवास करून सकाळी विदर्भ एक्सप्रेसमधून इथे उतरतो, पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून तो आजार पसरवत असतो आणि त्याला वाटतं साधा ताप आहे. बांधकामावर आलेल्या, वीटभट्टीवरच्या मजुरांची पोरं आज इथे उद्या तिथे, कार्ड गावी राहिलेलं, आशाताई शोधत फिरतात. त्यांचं राहिलं तर समजू शकतो. मानेवाड्यात राहून, दवाखाना जवळ असून लग्नापायी राहिलं, हे मला जास्त खटकतं, सॉरी काकू.

प्रश्न : आम्ही बाळाला प्रायव्हेटमध्ये एमएमआर दिली, सरकारी एमआर नाही. चालेल का?
– एक बाबा, खामला

उत्तर : चालते. तिच्यात गोवर आणि रुबेला आहेच, वरून गालगुंडाचीही आहे. तारीख कार्डावर लिहून घ्या आणि घरी आशाताई विचारायला आल्या की ‘झालं झालं’ म्हणून दार लावू नका, कार्ड दाखवा.