‘ओरिगामी’ आधी दस्तऐवज होती

प्रश्न असा आहे: ‘शाळेच्या प्रदर्शनाचा फलक लिहायचाय. ओरिगामी लिहू की ऑरिगामी? “कामी” म्हणजे देव, म्हणून ही देवाची कला, असं वाचलं. ते खरं का? नाहीतर सरळ “कागदघडी” म्हटलं तर चालेल? आणि मुलांनी कात्रीने कापलेली नक्षी, कागदी पट्ट्या गुंडाळून केलेली क्विलिंगची फुलं हेही त्याच फलकाखाली लावू का?’

आधी फलकाचं उरकू, कारण रंगारी खोळंबला असेल. ताई, ओरिगामी लिहा. जपानीतला पहिला स्वर सरळ ‘ओ’ आहे, ‘ऑ’ आपल्याकडे इंग्रजीच्या वाटेने शिरला. मधला ‘रि’ ऱ्हस्व. शेवटची ‘मि’ जपानीत ऱ्हस्वच आहे, पण मराठीत अन्त्य इकार दीर्घ लिहायचा म्हणून ‘मी’. त्सुनामीला आपण हाच न्याय लावला आहे.

आता फोड. ‘ओरु’ म्हणजे घडी घालणं, त्यावरून ‘ओरि’. आणि ‘कामि’ म्हणजे कागद. जोडताना ‘क’चा ‘ग’ होतो. जपानी समासात दुसऱ्या पदाचं पहिलं कठोर व्यंजन बरेचदा असं मृदू होतं, त्याला ‘रेन्दाकु’ म्हणतात. ‘ते’ म्हणजे हात, त्याला ‘कामि’ जोडला की ‘तेगामि’, म्हणजे पत्र. दिक् आणि अंबर मिळून दिगंबर होतानाही ‘क’चा ‘ग’ होतोच, पण आपल्याकडे तो पहिल्या पदाच्या शेवटी होतो आणि त्यांच्याकडे दुसऱ्याच्या सुरुवातीला.

देव या अर्थाचा ‘कामि’ही जपानीत आहे. मात्र त्याचं कांजी (चिनी लिपीतून आलेलं) अक्षर वेगळं आणि सूरही वेगळा: टोकियोच्या बोलीत देव म्हणताना ‘का’ चढा असतो, कागद म्हणताना ‘मि’. शिंतो या जपानी धर्माच्या देवळांत दोराला पांढऱ्या कागदाच्या नागमोडी पट्ट्या लोंबत असतात, त्या पाहून कुणालाही दोन्ही शब्दांची सोयरीक जुळवावीशी वाटेल. पण ‘ओरिगामी’तला ‘कामि’ कागदच. देवाची कला वगैरे फलकावर नको.

खरी गंमत पुढे आहे. या शब्दाचा सुरुवातीचा अर्थ कागदाचा पक्षी नव्हे. मध्ययुगीन जपानमध्ये ‘ओरिगामी’ हा कागदपत्राचा एक प्रकार होता. अख्खा, न दुमडलेला कागद वापरून लिहिलं तर ‘तातेगामी’, कापलेल्या तुकड्यावर लिहिलं तर ‘किरिगामी’, आणि आडवा ताव मधोमध दुमडून लिहिलं तर ‘ओरिगामी’. दुमडलेली कड खालच्या बाजूला ठेवायची, समोरच्या अंगावर लिहायचं आणि जागा संपली की कड तशीच खाली ठेवून पालटून मागच्या अंगावर पुढे लिहायचं. असा कागद उलगडला की अर्धा मजकूर सुलटा आणि अर्धा डोकं खाली पाय वर दिसतो. जुन्या दप्तरात असा एखादा ताव हाती आला तर नवख्या माणसाला वाटेल, कारकुनाला डुलकी लागली होती!

पत्रं, भेटवस्तूंच्या याद्या, प्रमाणपत्रं अशा कामांना हा ताव वापरत. पुढे तलवारींची पारख करणाऱ्या होन्नामी घराण्याचे दाखले याच नावाने ओळखले जाऊ लागले. तलवार कुणी घडवली आणि तिची किंमत काय, हे त्यात लिहिलेलं असे. ओरिगामी जोडलेली तलवार म्हणजे अस्सल. आजच्या जपानीतही ‘ओरिगामी-त्सुकि’ म्हणजे ज्याच्या गुणाबद्दल शंकाच नको असा. शिक्कामोर्तब झालेला, म्हणा ना! आपलाही शब्द दप्तरातूनच बोलण्यात आला. बदनाम माणसासाठी मात्र जपानी लोक ‘फुदा-त्सुकि’ म्हणतात. त्याला दाखला नाही, नुसती चिठ्ठी चिकटलेली!

मग घड्यांच्या कलेला काय म्हणत? एकच नाव नव्हतं. सामुराई घराण्यांत भेटवस्तू कागदात कशा गुंडाळायच्या, कोणत्या वस्तूला कोणती घडी, याचे कडक नियम होते. त्याला ‘ओरिकाता’ म्हणत, आणि इसे सादाताके यांनी १७६४ साली हे नियम पुस्तकात मांडले. लग्नात साकेच्या (तांदळाच्या मद्याच्या) भांड्यांवर कागदाची नर-मादी फुलपाखरं बांधत. कवी इहारा साइकाकु यांच्या १६८० च्या एका कवितेत अशा फुलपाखरांचा उल्लेख आहे, तिथे शब्द येतो ‘ओरिसुए’. निव्वळ मौजेसाठी घड्या घालायला शिकवणारं पुस्तक १७९७ साली क्योतोत छापलं गेलं, त्याच्याही नावात ‘ओरिकाता’च आहे.

या पुस्तकापाशी जरा थांबू, तुमच्या कात्रीच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. त्यात एकमेकांना जोडलेल्या सारस पक्ष्यांच्या ४९ रचना आहेत आणि त्या कुवाना गावच्या गिदो नावाच्या बौद्ध पुजाऱ्याच्या. नेहमीचा सारस करताना चौरसाच्या चार कोपऱ्यांची चोच, शेपूट आणि दोन पंखांची टोकं होतात. गिदोने काय केलं, तर एका तावाला अशा चिरा दिल्या की लहानमोठे चौरस फक्त कोपऱ्यांशी, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत, एकमेकांना धरून राहतील. मग प्रत्येक चौरसाचा सारस करायचा. पूर्ण झाल्यावर कुणाची चोच चोचीला, कुणाचा पंख पंखाला, आणि सगळे एकाच कागदाचे! हे जमतं ते कोझो नावाच्या झाडाच्या सालीच्या कागदामुळे. त्याचे तंतू लांब असतात, म्हणून एवढीशी जोडही तग धरते. आपल्या वहीच्या पानावर करून बघा, तिसऱ्या पक्ष्यापर्यंत पोचलात तरी मिळवली.

म्हणजे ‘ओरिगामीत कात्री चालत नाही’ हा दंडक आजच्या काटेकोर मंडळींचा. मला तो आवडतो, कारण त्याने डोकं चालवावं लागतं. पण ‘प्राचीन जपानी नियम’ म्हणून तो मुलांना सांगू नका.

‘ओरिगामी’ हे नाव आजच्या अर्थाने रुळलं ते नंतर, आणि त्यात बालवाडीचा मोठा हात आहे. जर्मनीत फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने बालशिक्षणात कागदाच्या घड्यांना जागा दिली होती. १८७६ साली टोकियोत बालवाडी निघाली, तिच्यासोबत या युरोपी घड्या जपानात आल्या आणि तिथल्या सारसात, शिरस्त्राणात मिसळून गेल्या. याच फ्रोबेलच्या घड्यांवरून सुचून टी. सुंदर राव यांनी १८९३ साली मद्रासला कागदातून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक काढलं. त्यात चौरस, पंचकोन, वक्र सगळं आहे, ‘ओरिगामी’ मात्र नाही. तो शब्द अजून इंग्रजीत यायचा होता. विसाव्या शतकाच्या मध्यावर आकिरा योशिझावा (१९११–२००५) यांच्या कामाने आणि बाण-तुटक रेषांच्या त्यांच्या आकृत्यांनी ही कला जगभर नेली, तर न्यूयॉर्कला १९५८ साली लिलियन ओपेनहायमर बाईंनी ओरिगामी केंद्र काढलं, तेव्हा पाश्चात्त्यांच्या तोंडी शब्द पक्का बसला. घड्या काही एकट्या जपानच्या नव्हेत. स्पेनमध्ये कागदाच्या पक्ष्याला ‘पाहारिता’ म्हणतात आणि मिगेल दे उनामुनोसारखा विचारवंत त्यात रमून गेलेला होता.

तेव्हा ‘कागदघडी’ चुकीचं नाही. होडी, पुडी, टोपी यांना ते शोभतंही. पण फलकावर ते वाचून पालक इस्त्रीच्या दुकानाकडे वळतील अशी मला धास्ती आहे. नाव ओरिगामीच ठेवा, शिकवताना मात्र मराठी वापरा, तिथे आपण श्रीमंत आहोत. जपानीत ‘तानि-ओरि’ म्हणजे दरीसारखी आत जाणारी घडी आणि ‘यामा-ओरि’ म्हणजे डोंगरासारखी वर येणारी. ‘दरीघडी’ आणि ‘डोंगरघडी’ मुलांना लगेच कळतं. ‘जाबारा-ओरि’, शब्दशः सापाच्या पोटासारखी घडी, ही तर सरळ निऱ्या. कड वळवून दाबायची असेल तर करंजीची ‘मुरड’ आहेच.

कात्रीची नक्षी ‘किरिगामी’ म्हणून वेगळी लावा. हा तोच वर आलेला दप्तरातला शब्द, अर्थ बदललेला. क्विलिंग मात्र युरोपातलं, त्याचा जपानशी संबंध नाही. सगळं एकाच टेबलावर ठेवणार असाल तर ‘ओरिगामी आणि कागदकाम’ लिहा.

जाता जाता, कलेचं नाव म्हणून शब्द स्त्रीलिंगी चालवा: ‘आम्ही ओरिगामी शिकलो, ती अवघड आहे’. केलेल्या वस्तूला ‘ओरिगामीचा बेडूक’ म्हणा. एका शाळेच्या अहवालात ‘मुलांनी चाळीस ओरिगाम्या बनवल्या’ असं वाचलंय, तेवढं टाळा.