नोकरीला दहा वर्षे झालेल्या गणित शिक्षकाने कोल्हापुरात राहून कोणती प्रशिक्षणे करावीत आणि त्यातली ग्राह्य कोणती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कागल तालुक्यातली खासगी अनुदानित शाळा, पाचवी ते आठवीला गणित, नोकरी दहा वर्षे. वर्षाला ५० तास प्रशिक्षण करा असे सगळे सांगतात, व्हॉट्सॲपवर रोज नवी लिंक येते, पण त्यातले कामाचे कुठले आणि सेवापुस्तकात नोंदले जाणारे कुठले, हे कळत नाही.

नोकरीसाठी लागणारी प्रशिक्षणे आणि शिकवणे सुधारणारी प्रशिक्षणे एकाच यादीत घातली की हा गोंधळ होतो. पहिली कागद चोख ठेवून उरकायची. दुसरीला वर्षभर वेळ द्यायचा, पण एकच घटक धरून.

५० तासांची अपेक्षा २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातली आहे. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे तालुका स्तरावरचे पाच दिवसांचे एखादे प्रशिक्षण झाले की रोज सहा तास धरून ३० तास तिथेच होतात. उरलेले दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावर भरून निघतात. केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेचे, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या (केंद्राच्या) महिन्याच्या शिक्षक बैठकीचे, तास यात धरायचे का, हे तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विचारून घ्या आणि उत्तर तोंडी न घेता पत्राचा जावक क्रमांक मागा. 'क्विझ सोडवा, प्रमाणपत्र मिळवा' या प्रकारातले काहीही या हिशेबात धरू नका. पाच मिनिटांच्या प्रश्नमंजूषेवर रंगीत प्रमाणपत्र मिळते, त्याचा उपयोग स्टेटसला ठेवण्यापुरता.

दीक्षाचे कोर्स, विशेषतः निष्ठा या राष्ट्रीय शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमाचे, मराठीत आहेत आणि एकेक साधारण तीन-चार तासांचा आहे. अडचण आशयात कमी, प्रमाणपत्र न येण्यात जास्त. त्याची कारणे ठरलेली आहेत. एकदा मोबाइल नंबरने आणि पुढच्या वेळी गुगल खात्याने लॉगिन केले की दोन वेगळी खाती तयार होतात आणि प्रगती दोन्हीकडे विभागली जाते. अशा वेळी प्रोफाइलमधला खाती एकत्र करण्याचा पर्याय वापरायचा, नवीन खाते उघडायचे नाही. दुसरे, व्हिडिओ डाउनलोड करून नेट नसताना पाहिले असतील तर नेट आल्यावर कोर्सच्या पानावरून प्रगती सिंक करावी लागते, नाहीतर प्रगती ९० टक्क्यांवरच अडकून राहते. तिसरे, चाचणीत ७० टक्के गुण लागतात आणि संधी तीनच असतात. 'बघू काय विचारतात' म्हणून पहिली संधी वाया घालवू नका. चौथे, प्रमाणपत्रावर प्रोफाइलमधलेच नाव येते. तिथे टोपणनाव किंवा नुसते आडनाव असेल तर आधी शालार्थमधल्या (शासनाच्या वेतन प्रणालीतल्या) नावाप्रमाणे दुरुस्त करा, मग कोर्स सुरू करा. आणि बॅचची मुदत संपल्यावर कोर्स शंभर टक्के पूर्ण केला तरी प्रमाणपत्र मिळत नाही, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. त्या दिवसांत सर्व्हरही रडतो.

तुमच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे प्रशिक्षण दोन वर्षांवर आले आहे. १२ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतर निवडश्रेणी मिळते, पण त्यासाठीचे सेवांतर्गत प्रशिक्षण पूर्ण असावे लागते. त्याची नोंदणी बारमाही चालू नसते. राज्य परिषदेच्या संकेतस्थळावर ठरावीक दिवस खिडकी उघडते आणि बंद होते. शालार्थ आयडी, शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांक, नियुक्ती मान्यतेचे पत्र आणि चालू असलेला स्वतःचा ईमेल आतापासून एका फाइलमध्ये ठेवा. शाळेचा ईमेल देऊ नका. लिपिक बदलला की पासवर्ड जातो. अर्जात प्राथमिक, माध्यमिक, उच्च माध्यमिक आणि अध्यापक विद्यालय असे चार गट असतात. पाचवी ते आठवीला शिकवणाऱ्यांची चूक नेमकी इथे होते. आपण शिकवतो त्या इयत्तांवरून गट निवडला जातो आणि मान्यता दुसऱ्याच गटातली निघते. तुमच्या वैयक्तिक मान्यतेच्या आदेशावर पद काय लिहिले आहे ते बघूनच गट निवडा. निवडश्रेणीला शैक्षणिक अर्हतावाढीची आणि संवर्गातल्या २० टक्क्यांची अटही आहे, त्यामुळे पदव्युत्तर शिक्षणाचा विचार चाळिशीच्या आत केलेला बरा.

आता ज्यासाठी हे सगळे करायचे ते. माझे मत स्पष्ट आहे: गणित शिक्षकाला सगळ्यात जास्त शिकवते ती मुलांची वही, आणि तीही चुकलेली. पाचवीच्या वर्गाला जूनमध्ये ५०३ वजा १७८ द्या. बरोबर उत्तर ३२५. चुकीची उत्तरे साधारण तीन प्रकारची येतात आणि प्रत्येकाचे दुखणे वेगळे असते. ४७५ लिहिणारे मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते. वर कोणता, खाली कोणता हे ते बघतच नाही. म्हणजे वजाबाकी कशातून कशाची, हेच पक्के नाही. ३३५ लिहिणाऱ्याला हातचा घेता येतो, पण शून्याचे दहा झाल्यावर त्यातला एक एककाला दिला आणि नऊ उरले, हे तो विसरतो. ४२५ लिहिणारा शून्याच्या जागी नऊ मांडतो, पण शतकातला पाच तसाच ठेवतो. त्याने रीत पाठ केली आहे, दशक आले कुठून हे त्याला माहीत नाही. तिघांनाही 'पुन्हा दहा उदाहरणे सोडव' सांगितले तर तिघेही आपापली चूक दहादा गिरवतात. पहिल्याला सुट्टे-दशकांच्या साहित्याने वजाबाकीचा अर्थच पुन्हा दाखवावा लागतो. दुसऱ्या-तिसऱ्यासाठी खेळातल्या नोटा पुरतात: शंभराची नोट मोडून दहाच्या दहा, त्यातली एक मोडून एकाची दहा नाणी. मोडल्यावर हातात काय उरले ते मुलाने स्वतः मोजायचे आणि मगच वहीत लिहायचे. साहित्य आणि लेखन वेगवेगळ्या तासांना घेतले तर जोड लागत नाही, हेही पथ्य पाळा.

हे एकट्याने करण्यापेक्षा केंद्रातल्या तीन-चार गणित शिक्षकांनी मिळून करा. महिन्याच्या शिक्षण परिषदेत एक तास मागून घ्या, प्रत्येकाने पाच वह्यांची छायाप्रत आणावी आणि उत्तर बरोबर-चूक न बघता 'हे उत्तर आले कसे' एवढाच प्रश्न ठेवावा. केंद्रप्रमुख सहसा नाही म्हणत नाहीत. परिषदेला विषय कमी आणि परिपत्रके जास्त, ही त्यांचीही तक्रार असते. गट सहाच्या पुढे नेऊ नका, नाहीतर भाषणे सुरू होतात.

याच कामाचे कृतिसंशोधन होते आणि ते कागदावरही ग्राह्य ठरते. पद्धत सरळ आहे. एक समस्या घ्या, तीसेक मुलांची पूर्वचाचणी घ्या, चुकांचे प्रकारानुसार वर्गीकरण करा, चार ते सहा आठवडे उपाय करा, त्याच काठिण्यपातळीची पण वेगळ्या संख्यांची उत्तरचाचणी घ्या आणि प्रकारानुसारच तुलना मांडा. नुसती सरासरी वाढल्याचा तक्ता जोडला तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतात: कोणती चूक गेली आणि कोणती राहिली? शीर्षक लांबलचक नको. 'इयत्ता पाचवीतील विद्यार्थ्यांच्या हातच्याच्या वजाबाकीतील चुकांचा शोध व उपाय' एवढे पुरे. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आपल्या डाएटमध्ये, विषयवार अधिव्याख्याते असतात. आराखडा त्यांना सुरुवातीलाच दाखवा. काम झाल्यावर नेले तर ते फक्त टंकलेखनाच्या चुका काढू शकतात. राज्य परिषदेच्या राज्यस्तरीय नवोपक्रम स्पर्धेलाही हेच काम देता येते. तिथे अहवालात गरज, उद्दिष्टे, नियोजन, कार्यवाही, निष्पत्ती हा क्रम ठेवा आणि फोटो मोजके लावा.

बाहेरची साधने म्हणाल तर मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र गणितासाठीही उत्तम आहे. त्यांच्या विज्ञान प्रतिभा उपक्रमाचे कृतिपाठ वर्गात थेट वापरण्याजोगे आहेत. पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेने राज्यातल्या विज्ञान आणि गणित शिक्षकांसाठी प्रशिक्षणे घेतली आहेत, त्यांच्या घोषणांवर लक्ष ठेवा. विज्ञान-खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तके आणि खेळण्यांचे व्हिडिओ फुकट मिळतात. भूमितीसाठी जिओजेब्रा हे ॲप मोबाइलवर चालते. त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढला तरी कोनांची बेरीज १८० अंशच राहते हे सातवीच्या मुलांना एकदा दाखवा. इंग्रजी शिकवणारे सहकारी असतील तर त्यांना ब्रिटिश कौन्सिलचे मोफत ऑनलाइन कोर्स सांगा.

कोल्हापुरातच बघण्यासारखे म्हणजे लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सुरू केलेले सृजन आनंद विद्यालय. आधी पत्र देऊन, वेळ ठरवून, दोघे-तिघेच जा आणि एकाच वर्गात पूर्ण वेळ बसा. पंधरा मिनिटांत सगळी शाळा फिरून भिंतीवरच्या तक्त्यांचे फोटो काढण्यात अर्थ नाही. वाचनासाठी करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे. राज्य परिषदेचे 'जीवन शिक्षण' मासिक शाळेत येत असेल तर ते मुख्याध्यापकांच्या कपाटातून बाहेर काढा.

पदवी घ्यायची असेल तर एम.एड. आता दोन वर्षांचे आणि नियमित हजेरीचे आहे, रजेशिवाय जमत नाही. नोकरी सांभाळून करायला नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे शिक्षणशास्त्रातले एम.ए. सोयीचे पडते. मुख्याध्यापकपद जवळ असेल तर त्यांचीच शालेय व्यवस्थापन पदविका बघा. शिवाजी विद्यापीठाचेही दूरशिक्षण केंद्र आहे. प्रवेशापूर्वी दोन गोष्टी करा: त्या वर्षासाठी त्या अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाची मान्यता आहे का ते तपासा, आणि तुमची शाळा चालवणाऱ्या संस्थेची लेखी पूर्वपरवानगी घ्या. परवानगीशिवाय मिळवलेली पदवी सेवापुस्तकात नोंदवताना हमखास हरकत निघते. परराज्यातल्या 'एका बैठकीत पदवी' वाल्या एजंटांच्या नादी लागू नका.

तुमच्या शाळेत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) न झालेले जुने सहकारी असतील तर त्यांची निकड तुमच्याहून मोठी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानुसार, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरली आहे त्यांना दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हायची आहे. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न न्यायालयाने मोठ्या खंडपीठाकडे सोपवला आहे. पाच वर्षांच्या आत निवृत्त होणारे सेवेत राहतील, पण पदोन्नती हवी असेल तर परीक्षा त्यांनाही. पेपर १५० गुणांचा, वेळ १५० मिनिटे, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, खुल्या प्रवर्गाला ९० गुण लागतात. सहावी ते आठवीच्या गणित-विज्ञान पेपरमध्ये विषयाला ६० गुण असले तरी बालमानसशास्त्र आणि दोन भाषांचे मिळून ९० आहेत, आणि गणिताची माणसे अडकतात ती भाषेत. रोज एक उतारा घड्याळ लावून सोडवायला सांगा.

शेवटी सुट्टीतल्या प्रशिक्षणाचे. दिवाळी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत बोलावले तर त्या दिवसांच्या बदल्यात अर्जित रजा मागता येते. त्यासाठी प्रशिक्षणाचा आदेश, मुख्याध्यापकांचे कार्यमुक्तीचे पत्र आणि उपस्थिती प्रमाणपत्र अशी तिन्ही कागदपत्रे जोडून शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यातच अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.